कोंबड्यांमधील सामाजिक उतरंड

कोंबड्यांमधील सामाजिक उतरंड म्हणजे एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये परस्परांना चोचीने टोचण्याच्या वर्तनातून निर्माण होणारी ज्येष्ठ-कनिष्ठतेची व्यवस्था होय. वरच्या स्थानावरील कोंबडी आपल्याखालच्या कोंबड्यांना टोचते. खालची कोंबडी उलट न टोचता बाजूला सरते. दाणे, पाणी, अंडी घालण्याची जागा आणि रात्री बसण्याची उंच जागा यांवरील पहिला हक्क या उतरंडीने ठरतो.

शोध

नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे (१८९४–१९७६) यांनी या वर्तनाचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास केला. त्यांना बालपणापासून कोंबड्यांच्या निरीक्षणाची आवड होती. १९२२ साली त्यांचा या विषयावरील निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. त्यांनी योजलेली संज्ञा पुढे इतर प्राण्यांसाठी, तसेच मानवी संस्थांमधील अधिकारक्रमासाठीही रूढ झाली.

उतरंड कशी ठरते

पिल्ले काही आठवड्यांची झाल्यावर आपसांत झुंजू लागतात. या झुंजींतून प्रत्येक जोडीतील वरचढ कोण, हे ठरते. वय, आकारमान, तुऱ्याची वाढ, आक्रमकता आणि त्या जागेशी असलेला परिचय यांचा निकालावर परिणाम होतो. क्रम नेहमीच सरळ नसतो. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला टोचते, अशी त्रिकोणी रचनाही आढळते. कोंबड्यांचा क्रम सामान्यतः वेगळा असून तो माद्यांच्या क्रमाच्या वर असतो.

एकदा क्रम ठरला की झुंजी कमी होतात. बहुधा मान उंचावणे किंवा रोखून पाहणे एवढेच पुरते. म्हणून ही व्यवस्था वरवर कठोर वाटली, तरी रोजचा रक्तपात टाळणे हेच तिचे मुख्य कार्य आहे.

परस्परांची ओळख

कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके व तुरा यांवरून ओळखतात. तुऱ्याचे रूप बदलल्यास ओळखीच्या कोंबडीलाही परक्यासारखी वागणूक मिळू शकते. काही आठवडे वेगळी ठेवलेली कोंबडी परतल्यावर तिला अनेकदा आपले स्थान नव्याने मिळवावे लागते. फार मोठ्या कळपात प्रत्येकीची ओळख ठेवणे अशक्य असल्याने ही व्यवस्था शिथिल होते.

स्वभावभेद

एकाच खुराड्यातील कोंबड्यांमध्येही धीट, भित्री, भांडखोर असे स्वभावभेद दिसतात. जातींमध्येही फरक असतो : झुंजीसाठी जोपासलेली भारतीय असील जात आक्रमक, तर कोचीन जात शांत मानली जाते. खुडूक कोंबडी अंगावरची पिसे फुलवून जवळ येणाऱ्यास टोचते, आणि पिल्ले असलेली कोंबडी त्यांच्या रक्षणासाठी विशेष आक्रमक होते.

स्वभाव काही अंशी आनुवंशिक असतो. अमेरिकी संशोधक विल्यम म्यूर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकेक कोंबडी न निवडता सर्वाधिक अंडी देणारे संपूर्ण पिंजरे निवडले. काही पिढ्यांतच मृत्यूंचे प्रमाण घटले व अंड्यांचे उत्पादन वाढले.

पाळणाऱ्यांसाठी महत्त्व

उतरंडीच्या तळाशी असलेल्या कोंबडीला पुरेसे खाद्य न मिळाल्यास ती खंगत जाते. त्यासाठी दाण्या-पाण्याची भांडी एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे आणि आडोशाच्या जागा देणे उपयुक्त ठरते. नवी कोंबडी एकदम कळपात सोडू नये. एक-दोन आठवडे जाळीपलीकडे ठेवून परस्परांना दिसू द्यावे. शक्यतो एकटी न सोडता दोघी-तिघींना एकत्र सोडावे.

जखमी कोंबडी तत्काळ वेगळी करणे आवश्यक असते, कारण रक्ताचा लाल रंग पाहून इतर कोंबड्या तेथेच टोचत राहतात व त्यात तिचा मृत्यूही ओढवू शकतो. परस्परांची पिसे उपटण्याची सवय मात्र उतरंडीहून भिन्न आहे. ती वर्चस्वाशी निगडित नसून माती उकरण्यास वाव नसणे, दाटी, असंतुलित आहार अशा कारणांनी बळावते.