अंगण खरंच वाकडं होतं

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नव्हतो. मधले चार महिने धाकट्या चिरंजीवांकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात होतो. तिथल्या थंडीचं आणि मॉलचं वर्णन सगळेच करतात, ते वगळतो. सांगायचं आहे ते एका जुन्या बंदुकीबद्दल. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या मास्तराने बंदुकीवर का लिहावं, ते शेवटी कळेल.

मुलाच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात. दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी हरणाच्या शिकारीला जाणारे. बंदूक त्यांच्या वडिलांची. वय झालं, डोळ्यांना कमी दिसू लागलं, म्हणून त्यांनी तिच्यावरची जुनी दुर्बीण काढून नवी बसवली. आणि तेव्हापासून गोळी डावीकडे जाऊ लागली. दुर्बिणीचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी डावीकडेच! आधी त्यांनी दुर्बिणीला दोष दिला, ती बदलून आणली. तरी तेच. मग म्हणाले, माझेच डोळे आणि हात गेले. नेम चुकला तर हरीण मरत नाही, जखमी होऊन तडफडतं, म्हणून यंदा जंगलात जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी शाकाहारी माणूस, शिकारीबद्दल माझं मत वेगळं. पण त्यांची ही गोष्ट मला आवडली.

गावात बंदुका दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. त्याच्याकडे जाताना आजोबा मलाही घेऊन गेले. परदेशातून फिरायला आलेल्या पाहुण्याने तिथे बंदुकीला हात लावायचा नसतो, तसा कायदा आहे. म्हणून मी खुर्ची टाकून नुसता बघत बसलो.

मिस्त्रीने दुर्बिणीकडे पाहिलंच नाही. आधी त्याने टार्गेटचा कागद मागितला. तीन भोकं, काडेपेटीखाली झाकतील इतकी जवळ, पण मध्यापासून चांगली वीतभर डावीकडे. तो आजोबांना म्हणाला, ‘तुमचे हात आणि डोळे उत्तम आहेत. हात हलत असता तर भोकं कागदभर विखुरली असती. जी बंदूक दर वेळी एकाच चुकीच्या जागी मारते, तिच्यात काहीतरी वाकडं बसलेलं असतं.’

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात कालवलं. का, ते नंतर सांगतो.

मग त्याने बंदुकीचा इतिहास विचारला, आणि तिथे मी सावरून बसलो! बंदूक होती ‘मॉडेल १९१७’. बोअर युद्धात (१८९९–१९०२) बोअरांच्या माउझर बंदुकांनी लांबून अचूक मारा करून इंग्रजांना हैराण केलं. त्यातून धडा घेऊन इंग्रजांनी नवी बंदूक आखली. पण १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांना उसंत उरली नाही, म्हणून ती बनवण्याचं कंत्राट अमेरिकन कारखान्यांना दिलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली. तिच्याकडे स्वतःच्या पद्धतीच्या बंदुका कमी, आणि ही यंत्रं तयार! तेव्हा तीच बंदूक अमेरिकन काडतुसाला जुळवून घेतली. अशा सुमारे २२ लाख बंदुका झाल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या एडीस्टोन या पेनसिल्व्हेनियातल्याच गावी. तो कारखाना बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कंपनीने उभारलेला. आपल्याकडे १९४७ साली आलेली पहिली सोळा डब्ल्यूपी इंजिनं याच बाल्डविनची. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं नाक असलेलं ते इंजिन आठवतंय ना?

असो. मुद्दा असा की ही शिपायाची बंदूक, दुर्बिणीसाठी केलेलीच नव्हती. तिच्या मागच्या भागावर, डोळ्याजवळ, नेम धरायचं बारीक छिद्र होतं आणि त्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना पोलादाचे दोन कान होते. पुढे या बंदुका सरकारने स्वस्तात विकल्या. घेणाऱ्यांना हव्या होत्या शिकारीच्या. मग गावोगावच्या वर्कशॉपांत ते कान कापले, वरचा भाग घासून गोल केला, दुर्बिणीच्या माउंटसाठी भोकं पाडली. कुणी नीट यंत्रावर केलं, कुणी कानशीने, अंदाजाने.

मिस्त्रीने बोल्ट काढला, बंदूक शिकंज्यात पक्की केली आणि नळीतून आरपार पाहत समोरच्या भिंतीवरचा ठिपका मध्यावर आणला. मग बंदूक न हलवता दुर्बिणीतून पाहिलं. नळी एकीकडे बघत होती, दुर्बीण दुसरीकडे! दुर्बीण काढून दोन्ही कड्यांत त्याने टोकदार सळया ठेवल्या. टोकाला टोक भिडायला हवं, तर मागचं टोक स्पष्ट डावीकडे. माउंट काढल्यावर खरा प्रकार दिसला. कान घासताना मागचा भाग डावीकडे उतरता झाला होता आणि भोकंही मध्यरेषेपासून ढळलेली.

आपण साधं त्रैराशिक करू. दोन कड्यांत १२ सेंटीमीटर अंतर धरा. एक कडं दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकलं, तर शंभर मीटरवर गोळी आठ सेंटीमीटरहून जास्त चुकते. इथे तर सगळं मिळून मिलिमीटरभर होतं!

मग जुन्या दुर्बिणीने इतकी वर्षं कसं भागलं? त्याचंही उत्तर मिळालं. जुन्या प्रकारच्या दुर्बिणींत स्क्रू फिरवला की आतली फुलीच चित्राच्या मध्यापासून बाजूला सरकायची. आजोबांनी लहानपणापासून ती फुली एका कडेलाच पाहिलेली. ती तशीच असते असं त्यांना वाटे. शिवाय माउंटखाली डावीकडे पत्र्याचा एक बारीक तुकडा होता. नवी दुर्बीण बसवताना आजोबांनी तो कचरा समजून टाकून दिला. वडिलांनी वाकडेपणा ओळखून ठेवलेलं टेकण होतं ते! म्हातारा कितीतरी वेळ गप्प बसून होता.

मिस्त्रीने तो भाग सपाट केला, मागच्या बाजूला दोन्हीकडून स्क्रूने सरकवता येणारं माउंट बसवलं, सळयांची टोकं जुळवली आणि मगच दुर्बीण चढवली. आधी पंचवीस यार्डांवर, मग शंभरावर. तिसऱ्या कागदावर भोकं मध्यावर आली.

आता माझ्या पोटात का कालवलं ते. मी शाळेत एनसीसी बघायचो. एका वर्षी फायरिंगला आठवीतल्या एका मुलाच्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, पण चार बोटं उजवीकडे गेल्या. मी सगळ्यांदेखत म्हणालो, ‘नाचता येईना अंगण वाकडं! हात स्थिर ठेव.’ तो बिचारा एवढंच म्हणत होता, ‘सर, रायफल बदलून द्या ना.’ मी दिली नाही, आणि कॅम्पच्या संघातून त्याला वगळलं. पुढे महिन्याभराने आर्मररने त्या रायफलची पुढची माशी सरकल्याचं सांगितलं. मी ते ऐकलं, पण त्याचा त्या मुलाशी संबंध जोडला नाही. पाचही भोकं एका ठिकाणी होती, कागद माझ्या हातात होता, आणि मला तो वाचता आला नाही.

परत आल्यावर माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून त्याचा नंबर मिळवला. आता तो नातवंडांचा आजोबा. मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘सर, त्यानंतर मी एनसीसी सोडली होती. तुमच्या लक्षात नसेल.’ खरंच नव्हतं. ‘माझं चुकलं रे,’ म्हणालो. तो म्हणाला, ‘असू द्या सर, या एकदा घरी.’

येत्या रविवारी जाणार आहे. डब्ल्यूपी इंजिनाबद्दल पुढच्या वेळी. नातू फोटो शोधतोय.