घशाचा कॅन्सर: केमो-रेडिएशन झालं, मग मानेचं ऑपरेशन कशासाठी?

घशाचा कॅन्सर पुष्कळदा आधी मानेत दिसतो. जबड्याखाली एक गाठ येते. ती दुखत नाही, म्हणून महिनाभर लेप लावला जातो, मग अँटिबायोटिकचा कोर्स होतो आणि नंतर कधीतरी सुईची तपासणी. ती गाठ म्हणजे घशातून निघालेल्या कॅन्सरच्या पेशी जिथे अडकल्या ती लसिका ग्रंथी. मानेत अशा शेकडो ग्रंथी असतात.

म्हणजे उपचार दोन ठिकाणी करायचा असतो, मूळ जागी आणि मानेत. पूर्वी स्वरयंत्राचा कॅन्सर वाढलेला असला की स्वरयंत्रच काढत. जीव वाचे, आवाज जाई. 1991 साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या 332 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी केमो आणि मग रेडिएशन दिलेल्या रुग्णांपैकी 64 टक्क्यांचं स्वरयंत्र वाचलं, आणि दोन वर्षांनी जगण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांइतकंच होतं. पुढे दोन्ही उपचार एकाच वेळी देणं जास्त परिणामकारक ठरलं. आज साधारण 7 आठवड्यांत 35 वेळा रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात ते, आणि सोबत सिस्प्लॅटिन हे औषध देतात.

पण मानेतल्या मोठ्या गाठी शेकाने पूर्ण मरतील याची खात्री नव्हती. म्हणून गाठी विरघळलेल्या दिसल्या तरी ठरवून मानेचं ऑपरेशन करायची पद्धत पडली. ब्रिटनमधल्या 564 रुग्णांच्या अभ्यासाने 2016 मध्ये तिला आव्हान दिलं. निम्म्या रुग्णांचं ऑपरेशन ठरवून करायचं होतं. उरलेल्यांचा केमो-रेडिएशन संपल्यावर 12 आठवड्यांनी पेट-सीटी स्कॅन काढला आणि शंका असेल तिथेच ऑपरेशन केलं. पहिल्या गटात 221 ऑपरेशन्स झाली, दुसऱ्यात फक्त 54. दोन वर्षांनी जगण्याचं प्रमाण 81.5 आणि 84.9 टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. स्कॅन घाईने काढून चालत नाही. शेकाची सूज ओसरलेली नसते आणि ती कॅन्सरसारखी दिसू शकते.

तोंडाच्या कॅन्सरचं गणित उलटं आहे, आणि तंबाखू-गुटख्यामुळे मराठवाड्यात तो घरोघरी ऐकू येतो. तिथे ऑपरेशन आधी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने सुरुवातीच्या टप्प्यातल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 मध्ये मांडले. मानेत गाठ दिसत नसतानाही मूळ ऑपरेशनसोबत मानेतल्या ग्रंथी काढल्या, तर 3 वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. काढलेल्या ग्रंथीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आला असेल, किंवा कापलेल्या कडेला पेशी उरल्या असतील, तर मागाहून केमो-रेडिएशन जोडतात. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत इथे सरळ नुकसान करते.

ऑपरेशनची किंमत मुख्यतः खांद्याला मोजावी लागते. खांदा उचलणारी नस मानेतून जाते. ती वाचवली तरी दुखावते, हात वर जात नाही. व्यायाम लवकर सुरू केले तर फरक पडतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या रुग्णापुढचा खरा प्रश्न अंतराचा आहे. सेनगाव किंवा औंढ्याहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात आठवड्यातले पाच दिवस येऊन-जाऊन शेक घेणं शक्य नाही. दोन महिने तिथेच राहावं लागतं, मुंबईला तर लागतंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतात. बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचा खर्च घरच्यांवरच येतो.

त्यातच 12 आठवड्यांनंतरची ती तारीख येते. तोवर गिळता येऊ लागलेलं असतं, गाठ हाताला लागत नाही, सोयाबीनची काढणी तोंडावर असते. तपासणी हुकते. ‘थांबून बघू’ हा सल्ला परत येणाऱ्या रुग्णालाच लागू पडतो, त्यामुळे येणं जमणार नसेल तर ते डॉक्टरांना उपचार ठरवतानाच सांगायला हवं. मानेत कॅन्सर उरला असेल आणि उशीर झाला, तर शेकाने कडक झालेल्या मानेत ऑपरेशन अवघड होतं आणि जखमही सावकाश भरते.