जुने स्वयंपाकघर, नवी ऊब : तोडफोड न करता

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे एकेकाळी औंध संस्थानातील तालुक्याचे ठिकाण होते. गावातील आणि परिसरातील जुन्या घरांची रचना ठरलेली असते. पुढे सोपा, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परडे. भिंती दगड-मातीच्या व रुंद, वर माळवद किंवा कौले, आणि उजेडासाठी भिंतीतला झरोका किंवा छपरातले सवणे. चूल पेटत होती तोवर हे स्वयंपाकघर घराचा सर्वांत ऊबदार कोपरा असे. गॅस आला, मिक्सर आला, फ्रिज आला. खोली मात्र तेवढीच राहिली. आज ती अनेकांना अंधारी, कोंदट आणि अडचणीची वाटते.

अशा वेळी पहिला विचार येतो तो ओटा फोडण्याचा. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले गावाकडच्या आईसाठी नवे स्वयंपाकघर बांधून द्यायला निघतात. पण महिनाभर घरात धूळ, कर्जाचा हप्ता, आणि हाताच्या सवयीच्या सगळ्या जागा बदललेल्या, असा त्याचा दुसरा अर्थ असतो. भाड्याच्या घरात तर तोडफोडीचा प्रश्नच उद्भवत नाही. वास्तविक उजेड, हवा, भिंती आणि मांडणी या चार गोष्टींकडे नीट लक्ष दिले तर जुनी, लहान खोलीही सुखद होऊ शकते.

कुंडलची परंपरा

या विषयात कुंडलचे नाव घ्यायला आणखी एक कारण आहे. 'रुचिरा' या पाककृतींच्या पुस्तकाने महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचलेल्या कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ मध्ये कुंडल येथे झाला. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. स्वयंपाकाचे खरे शिक्षण सासूबाईंच्या हाताखाली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'ने पदार्थांचे प्रमाण वाटी-चमच्यात दिले. वजनकाटा नसलेल्या, चार भांड्यांच्या स्वयंपाकघरातही ते पुस्तक वापरता आले, हे त्याच्या यशाचे मोठे कारण मानावे लागेल. घरात जे आहे त्यातूनच नीटनेटके काम करावे, हा त्यामागचा विचार जुन्या स्वयंपाकघरालाही लागू पडतो.

कुंडलच्या शेजारी, तेव्हाच्या कुंडल रोड स्थानकालगतच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झाले आणि मराठी गृहिणीच्या प्रश्नांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. पुढे १९४३ नंतर प्रतिसरकारच्या चळवळीचे कुंडल हे प्रमुख केंद्र बनले. भूमिगत कार्यकर्त्यांच्या भाकरी याच परिसरातील चुलींवर भाजल्या गेल्या. त्या स्वयंपाकघरांत जागा कमी होती, पण माणसांना कधी कमी पडली नाही.

आधी सुरक्षितता

सजावटीपूर्वी गॅस आणि वीज तपासून घेणे आवश्यक आहे. सिलिंडर नेहमी उभा आणि जमिनीवर ठेवावा. शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. शेगडीची नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून केवळ वरचा झरोका पुरेसा नाही. खालूनही हवा जाईल अशी दाराची फट किंवा जाळी मोकळी ठेवावी. सिलिंडर जमिनीखालच्या खड्ड्यात किंवा हवाबंद कपाटात कधीही ठेवू नये. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

जुन्या घरांतील वायरिंग एक-दोन दिव्यांच्या हिशेबाने केलेले असते. इंडक्शन शेगडी सुमारे २००० वॅटपर्यंत वीज घेते. तिच्यासाठी १६ अँपियरचा स्वतंत्र सॉकेट आणि योग्य अर्थिंग हवे. एकाच बोर्डाला फ्रिज, मिक्सर आणि शेगडी जोडणे धोक्याचे असते. वायरमनकडून एकदा तपासणी करून घेण्याचा खर्च नव्या ओट्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ ठरतो.

धूर आणि हवा

कोंदटपणाचे मूळ बहुधा हवा न खेळण्यात असते. हवा बाहेर जायला एक वाट आणि आत यायला दुसरी वाट लागते. जुने धुराडे किंवा झरोका बुजवला असेल तर तो मोकळा करावा. त्याच जागी लहान एक्झॉस्ट पंखा बसवता येतो. पंखा चालू असताना समोरचे दार किंचित उघडे ठेवावे, अन्यथा तो नुसताच फिरत राहतो.

ज्या घरांत गॅसबरोबर चूलही वापरात आहे, तेथे हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. घरातील धुरामुळे होणाऱ्या हवाप्रदूषणाने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याचा सर्वाधिक त्रास चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रियांना आणि लहान मुलांना होतो. भाकरी, पाणी तापवणे किंवा सणाचा मोठा स्वयंपाक यासाठी चूल हवीच असेल तर ती परड्यात, आडोशाला हलवावी. आतली जुनी चूल फोडण्याची गरज नाही. शेणमातीने सारवून, कडेला कावेची रेघ ओढून ती तशीच राखता येते. मात्र तिच्या आवळात सिलिंडर ठेवू नये.

उजेडाची दिशा

जुन्या स्वयंपाकघरात एकच दिवा असतो आणि तो छताच्या मध्यभागी. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईची सावली नेमकी विळीवर आणि शेगडीवर पडते. बोट कापण्याचे, दूध उतू जाण्याचे हे एक कारण आहे. दुसरा दिवा ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीवर किंवा फळीच्या खालच्या बाजूस लावावा. जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड साधारण ९ वॅटचा एलईडी दिवा देतो, त्यामुळे दोन दिवे लावूनही वीज कमीच लागते. दिवा घेताना खोक्यावरचा आकडा पाहावा. २७०० ते ३००० केल्व्हिनचा उजेड पिवळसर आणि ऊबदार असतो. ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र उजेड लहान खोलीत दवाखान्याची आठवण करून देतो.

दिवसाचा उजेड फुकट मिळतो. त्यासाठी खिडकीतील डब्यांची रांग हलवावी, काचेवरचा तेलकट थर सोड्याच्या पाण्याने धुवावा. छपरातल्या सवण्यावर काच बसवलेली असेल तर तीही वर्षातून दोनदा पुसावी. एवढ्यानेच खोलीचे रूप पालटते.

भिंतींना चुना

काळवंडलेल्या भिंतींवर तैलरंग मारण्याचा मोह टाळावा. दगड-मातीच्या आणि चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि हळूहळू बाहेर टाकतात. तैलरंगाने ही वाट बंद होते. पावसाळ्यानंतर रंगाला फुगे येतात आणि पोपडे निघतात. अशा भिंतींना चुन्याची सफेदीच मानवते. शिवाय चुना क्षारधर्मी असल्याने बुरशीला आळा बसतो.

काजळी आधी कोरड्या केरसुणीने झाडावी. प्रथमच ओले फडके लावले तर ती पसरते. त्यानंतर तेलकट भाग सोड्याच्या पाण्याने पुसून वाळू द्यावा. चुनकळी पाण्यात भिजवताना ती उकळते आणि उडते, म्हणून डोळे जपावेत व मुलांना दूर ठेवावे. रात्रभर भिजलेला चुना गाळून त्यात थोडा डिंक मिसळावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात चांगले बसतात. किंचित पिवळी माती मिसळल्यास भिंतीला सायीसारखी छटा येते. खाली वीतभर कावेचा पट्टा ओढला की डाग दिसत नाहीत आणि खोली नीटस वाटते.

ओटा आणि फरशी

कडाप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा ॲसिडने ते खरवडले जातात आणि पांढरे पडतात. ते सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावेत. कोरड्या कडाप्प्यावर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवून फडक्याने पुसून घेतल्यास त्याचा काळा रंग पुन्हा खुलतो. फरशीवर मात्र तेल लावू नये. पाय घसरण्याची भीती असते.

जुने ओटे अनेकदा बुटके असतात. कामाची जागा कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असली तर कंबर वाकत नाही. ओटा फोडून उंच करण्याऐवजी पोळपाटाखाली जाड लाकडी पाट ठेवावा. तो हलू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. बसून भाजी निवडण्याची सवय असलेल्या वृद्धांसाठी भिंतीला टेकून एक बसके स्टूल ठेवावे. ज्यांना जमिनीवरून उठणे जड जाते त्यांच्यासाठी ही सर्वांत मोठी सोय ठरते.

भांड्यांची निवड

लहान स्वयंपाकघरात जागा कमी नसते, बहुधा भांडी जास्त असतात. सर्व भांडी एकदा खाली काढून त्यांचे तीन भाग करावेत : रोजची, आठवड्याची आणि सणाची. रोजची भांडी कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, हाताशी. आठवड्याची त्यांच्या वर. सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी पातेली माळ्यावर. जड वस्तू कधीही डोक्याच्या वर ठेवू नयेत. भिंतीतील देवळ्या आणि फडताळ ही जुन्या घरांनी दिलेली देणगी आहे. मीठ-मसाल्याचे डबे तेथे ठेवले की ओटा मोकळा होतो. जुनी घडवंची वापरात नसेल तर तिच्यावर कांदे-बटाट्यांच्या टोपल्या बसतात आणि खालून हवा खेळते.

पितळेची भांडी शोभेला ठेवण्यापेक्षा कल्हई करून वापरावीत. आंबट पदार्थ मात्र कल्हई उडालेल्या भांड्यात शिजवू नयेत.

कापड, हिरवाई आणि आठवणी

ऊब येते ती अखेर स्पर्शाने. जुन्या सुती लुगड्यांची वाकळ या भागात घरोघरी शिवली जाते. तिचाच लहान तुकडा स्टुलावर किंवा पाटावर घालावा. फळ्यांवर कागदाची नक्षीदार झालर कापून लावण्याची जुनी पद्धतही पुन्हा आणता येते. मात्र छापील कागदाचा खाद्यपदार्थांशी थेट संबंध येऊ देऊ नये. शेगडीजवळच्या खिडकीला पडदा लावू नये. तेथे गवती चहा, ओवा किंवा पुदिन्याचे डबे ठेवावेत.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारल्याशिवाय मात्र एकही वस्तू हलवू नये. अंधारातही डब्यावर पडणारा तिचा हात हीच त्या स्वयंपाकघराची खरी मांडणी असते. तिच्याशी बोलून, एका वेळी एकच बदल करावा आणि तो आठवडाभर वापरून पाहावा. पहिल्या आठवड्यात गॅस व वीज, दुसऱ्यात दिवा, तिसऱ्यात भांडी आणि पावसाळा सरल्यावर चुना, असा क्रम ठेवल्यास एक दिवसही चूल बंद ठेवावी लागत नाही.