भत्त्याच्या बदल्यात इलेक्ट्रिक गाडी: ब्रिटनची मोटेबिलिटी योजना, तिचा खर्च आणि फायदा

कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतलं कुणी ना कुणी ब्रिटनमध्ये असतं. तिथून कधी फोन येतो आणि गावात बातमी पसरते, की अमुक चाचींना सरकारनं नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी दिली. या बातमीत अर्धंच खरं असतं. गाडी सरकार देत नाही, ती फुकट मिळत नाही आणि चाचींच्या मालकीचीही होत नाही. मग नेमकं काय मिळतं, त्याची किंमत किती आणि कुणाला ते परवडतं, हे ब्रिटनमधल्या आपल्या नातेवाइकांसाठी नीट समजून घेऊ.

योजना काय आहे?

पूर्वी ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तींना फिक्या निळ्या रंगाची, एका माणसापुरती तीनचाकी गाडी मिळत असे. तीत शेजारी बायको-मुलं बसू शकत नव्हती आणि ती सुरक्षितही नव्हती. 1976 मध्ये प्रवासासाठी रोख भत्ता सुरू झाला. या भत्त्यातून चांगली मोटार मिळावी म्हणून 1977 मध्ये लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग यांच्या पुढाकारानं मोटेबिलिटी ही संस्था उभी राहिली. पहिल्या गाड्या 1978 मध्ये दिल्या गेल्या.

आज आठ लाखांहून जास्त लोक या योजनेत आहेत. गाड्यांचा व्यवहार मोटेबिलिटी ऑपरेशन्स ही कंपनी पाहते. तिची मालकी मोठ्या बँकांकडे आहे, पण बँका त्यातून नफा वाटून घेत नाहीत.

पद्धत सोपी आहे. तुमचा प्रवास भत्ता दर चार आठवड्यांनी तुमच्या खात्यात येण्याऐवजी थेट कंपनीकडे जातो. बदल्यात साधारण तीन वर्षांसाठी नवी गाडी भाड्यानं मिळते. व्हीलचेअरसकट आत जाता येईल अशी गाडी असेल तर करार पाच वर्षांचा. मुदत संपली की गाडी परत, आणि हवी असल्यास दुसरी नवी.

हक कुणाला?

नुसतं अपंगत्व असून चालत नाही, ठरावीक भत्ता वरच्या दरानं मिळत असावा लागतो. 16 वर्षांपासून पेन्शनच्या वयापर्यंत अर्ज करणाऱ्यांसाठी तो म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलीत 'पिप'. त्यातला प्रवासाचा भाग 'एनहान्स्ड' दरानं मंजूर हवा. मुलांसाठी डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा वरचा दर चालतो, आणि तो मूल तीन वर्षांचं झाल्यावर मिळू शकतो. स्कॉटलंडमध्ये या भत्त्यांची नावं वेगळी आहेत. भत्त्याचे किमान 12 महिने शिल्लक असावे लागतात. म्हातारपणी मिळणाऱ्या अटेंडन्स अलाउन्सवर मात्र ही गाडी मिळत नाही.

चार गैरसमज दूर करू.

पहिला: गाडी चालवता आलीच पाहिजे असं नाही. अम्मी-अब्बांची गाडी मुलगा चालवू शकतो, लहान मुलाची गाडी आई चालवू शकते. फक्त चालकाचं नाव करारात हवं. भारतातून नुकतेच गेलेल्यांनी लक्षात ठेवावं, की तिथं राहायला गेल्यावर आपल्या लायसन्सवर 12 महिनेच गाडी चालवता येते.

दुसरा: हक फक्त पायानं अधू असलेल्यांचाच नाही. 20 मीटरपेक्षा जास्त चालता येत नसेल तर वरचा दर मिळतोच. पण रोजच्या ओळखीच्या रस्त्यावरही सोबतीशिवाय जाता येत नसेल, मग ते दृष्टीमुळे असो वा मनाच्या आजारामुळे, तरीही तो मिळू शकतो.

तिसरा: नोकरी करणाऱ्याला किंवा घरची कमाई बरी असणाऱ्याला पिप मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे. हा भत्ता उत्पन्न बघून ठरत नाही आणि त्यावर कर नाही.

चौथा: व्हिसावर 'सरकारी निधीचा लाभ नाही' अशी अट असेल तर पिप मागता येत नाही. तसंच, साधारणपणे मागच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं तिथं वास्तव्य लागतं.

अर्ज नाकारला गेला तर निर्णयाच्या तारखेपासून एका महिन्यात फेरविचार मागावा, तरीही न पटल्यास ट्रिब्युनलकडे जाता येतं. 'लोक काय म्हणतील' म्हणून अर्जच न करणारी घरं आपल्यात कमी नाहीत. ही खैरात नाही. कायद्यानं दिलेला हक आहे.

किती द्यायचं, काय मिळतं?

2025-26 मध्ये वरचा दर आठवड्याला 77.05 पौंड होता. वर्षाचे 52 आठवडे धरले तर 4,006 पौंड होतात, तीन वर्षांचे जवळपास 12,020. काही छोट्या गाड्यांना पूर्ण भत्ता लागत नाही, उरलेला तुम्हाला मिळतो. काही गाड्यांना भत्ता पुरतो. आणि काहींना सुरुवातीला वेगळी रक्कम भरावी लागते, तिला 'ॲडव्हान्स पेमेंट' म्हणतात. नाव ॲडव्हान्स असलं तरी ती अनामत नाही. तीन वर्षांनी गाडी परत करताना ही रक्कम परत येत नाही. गाड्यांची यादी आणि दर दर तीन महिन्यांनी बदलतात.

या पैशात विमा, सर्व्हिसिंग, दुरुस्ती, टायर, काच आणि रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत, हे सगळं येतं. हातानं ब्रेक-ॲक्सिलरेटर दाबण्याची सोय यांसारखे बरेच बदल जादा पैसे न घेता करून मिळतात. इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि घराला स्वतःची पार्किंगची जागा असेल तर चार्जर बसवण्याचा नेहमीचा खर्चही योजनेतच धरला जातो.

इलेक्ट्रिक गाडीत गिअर बदलावे लागत नाहीत. डाव्या पायात ताकद नसलेल्याला किंवा हात लवकर थकणाऱ्याला ही मोठी सोय आहे. पंपावर उतरून नळी धरायची कटकटही संपते.

वीज की पेट्रोल? गणित मांडू

वर्षाला 8,000 मैल धरू. मध्यम इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साधारण साडेतीन मैल जाते, म्हणजे वर्षाला सुमारे 2,285 युनिट लागतील.

• रात्रीचा खास स्वस्त दर, युनिटला 7 पेन्स: वर्षाला सुमारे 160 पौंड
• घरचा साधा दर, 26 पेन्स: सुमारे 595 पौंड
• रस्त्यावरचा जलद चार्जर, 76 पेन्स: सुमारे 1,740 पौंड
• गॅलनला 40 मैल देणारी पेट्रोल गाडी, लिटर 1.35 पौंड: सुमारे 1,230 पौंड

या चार ओळींतच सगळा निकाल आहे. घरी चार्जर असेल तर इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि सगळं चार्जिंग बाहेर करायचं असेल तर महाग. कराचाही फरक आहे: घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के, सार्वजनिक चार्जरवर 20 टक्के. म्हणजे ज्याच्याकडे अंगण नाही, त्याच्यावरच बोजा जास्त.

आपले अनेक लोक इंग्लंडच्या जुन्या गिरणी-शहरांत, एकाला एक लागून असलेल्या घरांत राहतात. दार उघडलं की थेट फूटपाथ. अशा घरी चार्जर बसवणं अवघड. सार्वजनिक चार्जरची अडचण पैशापुरतीही नाही. केबल जड, स्क्रीन उंच, चार्जरभोवती कठडा, व्हीलचेअर वळवायला जागा नाही. सर्वांना वापरता येतील अशा चार्जरसाठी 2022 मध्ये पीएएस 1899 हे मानक ठरलं, पण ते पाळणं सक्तीचं नाही. म्हणून गाडी ठरवण्याआधी जवळच्या चार्जरपाशी स्वतः जाऊन केबल लावून बघावी.

थंडीत बॅटरीचा पल्ला बराच कमी होतो हेही धरा. व्हीलचेअरसाठीच्या गाडीत तर फरशी खाली घ्यावी लागते आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी नेमकी तिथंच असते. म्हणून अशा गाड्यांत निवड कमी आहे आणि ॲडव्हान्स मोठा. ऐपत नसेल तर मोटेबिलिटी फाउंडेशनकडे अनुदानासाठी अर्ज करता येतो.

नवे बदल

नोव्हेंबर 2025 च्या ब्रिटिश अर्थसंकल्पात दोन गोष्टी ठरल्या. जुलै 2026 पासूनच्या नव्या करारांत ॲडव्हान्स पेमेंटवर 20 टक्के व्हॅट, आणि विम्यावर 12 टक्के कर. व्हीलचेअरसाठी बनवलेल्या गाड्या यातून वगळल्या आहेत. त्याच सुमारास बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांसारख्या महागड्या गाड्या यादीतून काढल्या गेल्या. शिवाय एप्रिल 2028 पासून इलेक्ट्रिक गाड्यांवर मैलाला 3 पेन्स आकार जाहीर झाला आहे. 8,000 मैलांचे ते 240 पौंड होतात. आता केलेला करार 2028 च्या पुढे जाणार असेल तर हा आकार कुणी भरायचा, ते डीलरकडून लेखी घ्यावं.

कुणी घ्यावी, कुणी थांबावं?

घरात विम्याचा हप्ता जास्त येणारा चालक असेल, दवाखान्याच्या फेऱ्या वारंवार असतील, अचानक येणारा दुरुस्तीचा खर्च झेपत नसेल, तर ही योजना चांगली. दर वर्षीच्या चार हजार पौंडांत विमा आणि दुरुस्तीसह नवी गाडी बाहेर मिळणं कठीण आहे.

पण घरात कर्जमुक्त, चालती गाडी असेल आणि फिरणं कमी असेल, तर रोख भत्ताच बरा. कित्येक घरांत याच पैशातून टॅक्सी, औषधं, हीटिंगचं बिल निघतं. तो एकदा गाडीकडे वळवला की महिन्याच्या खर्चात खड्डा पडतो.

दुसरा धोका फेरतपासणीचा. पिप मधेच कमी किंवा बंद झाला तर काही आठवड्यांत गाडी परत करावी लागते. गावी लांबच्या मुक्कामाला येणाऱ्यांनीही जपावं: परदेशात सहसा 13 आठवड्यांपर्यंतच पिप चालू राहतो, उपचारासाठी गेल्यास 26. मोठ्या माणसाला सरकारी खर्चानं 28 दिवसांहून जास्त इस्पितळात राहावं लागलं तरी तो थांबतो.

गाडी ही अमानत

गाडी ज्याच्या भत्त्यावर आली, त्याच्या फायद्यासाठीच वापरायची. अब्बांची औषधं आणणं, त्यांच्यासाठी बाजार करणं चालतं. पण मुलानं त्याच गाडीवर टॅक्सी किंवा डिलिव्हरीचा धंदा करणं करारात बसत नाही. अपघात झाला तर विमाही हात वर करतो, आणि गाडी जाते ती अब्बांची. ही गोष्ट घरातल्या तरुणांना आधीच, सर्वांसमोर स्पष्ट सांगावी.

व्याजाचा प्रश्नही अनेकांच्या मनात असतो. इथं कर्ज काढून गाडी विकत घेतली जात नाही. मालकी कंपनीची राहते आणि आपण वापराचं भाडं देतो. म्हणजे व्यवहाराचं रूप इजाऱ्याच्या जवळचं आहे. मात्र त्यात विमाही बांधलेला आहे, म्हणून कराराचा कागद दाखवून आपल्या आलिमांकडून मसला समजून घ्यावा.

आपल्याकडे काय?

भत्त्याच्या बदल्यात गाडी भाड्यानं देणारी अशी योजना भारतात नाही. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, पण तो सर्वांसाठीच. महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, आणि राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत फिरत्या दुकानासाठी मोफत ई-वाहन देण्याची योजना आहे. तिच्यासाठी 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि यूडीआयडी कार्ड लागतं. घरातल्या कुणाचं कार्ड अजून काढलेलं नसेल, तर ते काम आधी करा.

आणि ब्रिटनमधल्या नातेवाइकांना सही करण्याआधी हे पाच प्रश्न विचारायला सांगा: ॲडव्हान्स करासकट किती? करारात मैलांची मर्यादा किती आणि पुढे जादा मैलाला किती? घरी चार्जर बसेल का? पिपची मुदत कधी संपते? भत्ता गेल्यावर महिन्याचं घर चालेल का? पाचही उत्तरं कागदावर लिहून घरातल्यांनी एकदा सोबत बसून वाचावीत, मग सही करावी.