ओनाम्यापासून वाचनमालेपर्यंत

पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यांतील शाळांची जी मोजदाद झाली, तिच्यावरून १८२९ च्या सुमारास १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी असल्याचें दिसतें. आंकडा अगदींच लहान नाहीं. परंतु ह्या मुलांच्या हातीं वाचण्याजोगें पुस्तक किती ठिकाणीं होतें, असें विचारलें तर फार थोड्या शाळांकडे बोट दाखवितां येईल. पंतोजीच्या शाळेंत मूल ओनामा गिरवी, धुळपाटीवर मुळाक्षरें काढी, आणि मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा पाढ्यांचा डोंगर चढूं लागे. सायंकाळीं परवचा. एकानें सांगावें व बाकीच्यांनीं मागून ओरडावें, हा त्या शाळेचा क्रम. मोडींतलीं पत्रें व हिशेबाचे कागद उलगडतां येऊं लागले म्हणजे विद्या पुरी झाली.

हें शिक्षण निरुपयोगी होतें असें मात्र कोणीं समजूं नये. दुकानाचा आणि कुळकर्ण्याच्या दप्तराचा सारा व्यवहार त्यावर बिनबोभाट चालत असे. उणीव होती ती निराळीच. मुलानें आपण होऊन, निव्वळ गोडीनें वाचावें असें तेथें कांहीं नव्हतें. गोष्टी होत्या, पण त्या आजीच्या तोंडीं व हरिदासाच्या आख्यानांत. शाळेचा उंबरठा त्यांनीं ओलांडलेला नव्हता.

मराठींत गोष्टींचें पुस्तक छापलें गेलें तें प्रथम महाराष्ट्रापासून फार दूर. तंजावरचे विद्याव्यासंगी राजे सरफोजी ह्यांच्या आश्रयानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इसापाच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावलि' ह्या नांवानें मराठींत छापल्या गेल्या. पुण्यामुंबईच्या मुलांना मात्र आणखी कांहीं वर्षें वाट पाहावी लागली. १८२२ सालीं मुंबईस शाळा व शाळेचीं पुस्तकें ह्यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. हीच पुढें 'बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' म्हणून प्रसिद्धीस आली. तिला गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांचा पाठिंबा होता, आणि कॅप्टन जर्व्हिस ह्यांच्यासारखा मराठी जाणणारा चिटणीस लाभला होता. ह्या मंडळींत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे गृहस्थ काम करीत. त्यांचें 'बाळमित्र' १८२८ सालीं निघालें व इसापाच्या गोष्टीही त्याच वर्षीं. 'बाळमित्र' मूळचें फ्रेंच; बर्कां ह्या ग्रंथकाराचें तें पुस्तक इंग्रजींतून छत्र्यांनीं मराठींत आणलें.

ह्या पुस्तकाचें महत्त्व बोधांत नाहीं. बोध तर त्या काळच्या प्रत्येक पुस्तकांत खच्चून भरलेला असे. महत्त्व आहे तें पात्रांत. येथें मुलें आहेत. तीं हट्ट करतात, भांडतात, चुकतात, पस्तावतात, आणि विशेष म्हणजे तीं बोलतात. मराठी मुलाला छापील पानावर आपल्याएवढें दुसरें मूल भेटलें तें ह्या पुस्तकांत. छत्र्यांची भाषाही घरगुती. भाषांतराचा वास तिला फारसा येत नाहीं. पुढच्या पिढीच्या शाळाखात्याला हें साधलें असतें तर किती बरें झालें असतें!

पुस्तक आलें, पण वाचण्याची चाल जुनीच राहिली. सोसायटीच्या शाळांत वरच्या वर्गांतील हुशार मुलानें खालच्यांना शिकवावें अशी लँकेस्टरची पद्धत होती. ती आपल्या पंतोजीच्या पद्धतीहून फारशी दूरची नव्हती. त्यामुळें गद्य धडाही परवच्याच्या सुरांत घोळवून म्हटला जाऊं लागला. ह्याला आणखी एक कारण होतें. मोडींत ओळीखालीं ओळ सलग चाले. शब्द कोठें तुटतो व वाक्य कोठें संपतें हें वाचणाऱ्यानें ताडावें. १८५० सालीं मेजर कँडी ह्यांनीं 'विरामचिन्हांची परिभाषा' प्रसिद्ध करून स्वल्पविराम, पूर्णविराम हे पाहुणे मराठींत आणले. आज क्षुल्लक वाटणारी ही सुधारणा वर्गांतील मुलाच्या दृष्टीनें मोठी होती. कोठें थांबावें हें कळलें म्हणजे काय म्हटलें आहे हेंही कळूं लागतें.

ह्याच कँडीसाहेबांच्या देखरेखीखालीं १८६० च्या सुमारास सरकारी क्रमिक पुस्तकें तयार झालीं. परशुरामपंत गोडबोले ह्यांच्यासारखा रसिक पंडित त्यांच्या हाताशीं होता; १८५४ सालीं जुन्या कवितेचें 'नवनीत' काढून ज्यांनीं शाळांतून मराठी कवींचा परिचय करून दिला तेच हे परशुरामपंत. इतकें असूनही क्रमिक पुस्तकांचें गद्य नीटनेटकें पण कोरडें उतरलें. खात्याच्या ह्या भाषांतरी वळणावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमालें'त पुढें चांगलेच कोरडे ओढले. त्यांत दिपोटी साहेबांची परीक्षा! वर्षांतून एकदां दिपोटी येणार, मूल धडा घडाघड म्हणून दाखविणार, आणि मास्तरांची अब्रू राहणार. अशा वेळीं पाठ केलेला धडा हा समजलेल्या धड्यापेक्षां अधिक खात्रीचा, हें कोणत्या मास्तरांना कळत नव्हतें?

विष्णुशास्त्र्यांचा रोख भाषेवर होता. जोतीराव फुले ह्यांनीं प्रश्न निराळ्याच बाजूनें उचलला. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें दिलेल्या निवेदनांत, चालू पुस्तकें व्यवहाराच्या उपयोगाचीं नाहींत, तीं नव्यानें रचलीं पाहिजेत, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आणि अभ्यासक्रमांत शेतीचें ज्ञानही मागितलें. पुस्तक कसें असावें ह्याबरोबर तें कोणाच्या मुलासाठीं असावें, हा मुद्दा त्यांत होता.

गोडीचें वाचन तूर्त शाळेबाहेरच वाढलें. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक ह्यांनीं 'बालबोध' मासिक सुरू केलें. ओक स्वतः शाळाखात्यांतले. क्रमिक पुस्तकांत काय नाहीं हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार? चरित्र, कविता, शास्त्रीय विषयावरचा सोपा निबंध असा फराळ ते दरमहा वाढीत. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे ह्यांचें 'आनंद' निघालें व मासिकाला खेळकरपणा आला. मात्र वर्गणी भरणाऱ्या घरींच हीं मासिकें पोंचत, हें विसरून चालणार नाहीं.

शाळेचें दार आंतून उघडलें तें भावनगरास. गिजुभाई बधेका ह्यांनीं तेथें १९२० सालीं बालमंदिर काढलें. त्यांच्या 'दिवास्वप्न' ह्या गुजराती पुस्तकांतला शिक्षक वर्गांत शिरून पहिली आरंभितो ती गोष्ट, आणि क्रमिक पुस्तकांऐवजीं वर्गाचें लहानसें ग्रंथालय उभारतो. ताराबाई मोडक ह्यांनीं गिजुभाईंच्या सहवासांत हें काम शिकून तें मराठी मुलखांत आणलें. इकडे लंडनला अध्यापनशास्त्र शिकून आलेल्या प्रल्हाद केशव अत्र्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली. तींतलें 'दिनूचें बिल' आठवणारीं माणसें पुढें कितीतरी वर्षें घरोघर होतीं. सरकारी पुस्तकांतील धड्याला असें भाग्य क्वचितच लाभलें असेल.

जोतीरावांनीं जें मूल डोळ्यांपुढें आणलें होतें तें ह्या वाचनमालांच्याही बाहेरच राहिलें होतें. १९४५ सालीं ताराबाई ठाणें जिल्ह्यांत बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या. तेथील वारली मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी, आणि पाटीपेक्षां गुरांचा कळप त्यांच्या अधिक परिचयाचा. मुलें शाळेंत येत ना, म्हणून ह्या दोघींनीं शाळा त्यांच्या अंगणांत नेली व तिला 'अंगणवाडी' म्हटलें. आणि जीं गुरांमागें रानांत जात, त्यांच्यासाठीं शाळा गुरांच्या मागोमाग कुरणांत गेली. तिचें नांव 'कुरणशाळा'.