बहिणाबाईची जबानी

कारखान्यात एखाद्या कामगारावर ठपका आला म्हणजे त्याची चौकशी बसते. अशा चौकशांत कामगाराच्या बाजूने उभे राहण्यात आमची जवळजवळ तीस वर्षे गेली. या कामाने आम्हांला एक नियम शिकविला. मुकादम काय म्हणतो, साहेब काय म्हणतो, हे मागाहून पाहावे. ज्याच्यावर ठपका आहे त्याची जबानी आधी घ्यावी, आणि ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. शाळा आम्ही सातवीत सोडली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार तो किती! पण आज जिची हकीकत सांगावयाची आहे तिने आपली जबानी स्वतःच देऊन ठेवली आहे, आणि जबानी वाचण्याची आम्हांला सवय आहे. एवढ्या भांडवलावर श्रोत्यांपुढे उभे आहो.

बहिणाबाई म्हटले की आपल्या मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मंडळींना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या १८८० साली जन्मल्या आणि १९५१ साली वारल्या. आमची बहिणाबाई त्यांच्याही अडीचशे वर्षे आधीची, तुकोबांची शिष्या. तिचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. बाप आऊजी हा गावचा कुलकर्णी, आईचे नाव जानकी. खेळण्याच्या वयात तिचे लग्न तिशीच्या एका बिजवराशी लागले. नवरा गंगाधरपंत पाठक वैदिक ब्राह्मण होता.

काळ कसा होता तेही ध्यानात घ्यावे. बहिणा वर्षा-दीड वर्षाची होती, तेव्हा आपल्या सिंदखेडचे लखुजी जाधव दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात मारले गेले. ते साल १६२९. पाठोपाठ १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ आला. १६३३ साली दौलताबाद मोगलांनी घेतली आणि १६३६ साली निजामशाही संपली. देवगाव ह्या सर्व उलथापालथीच्या वाटेवरच होते. अशा दिवसांत, मुलगी नऊ वर्षांची असताना, भाऊबंदकीच्या तंट्यापायी ह्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. आईबाप, जावई आणि ही पोर यात्रेकरूंच्या संगतीने, कोरान्न मागत निघाली. पंढरपूर झाले, रहिमतपूर झाले, आणि मुलगी अकराएक वर्षांची होईतो मंडळी कोल्हापुरास एका ब्राह्मण गृहस्थाच्या आश्रयाला येऊन पोचली.

गावचा कुलकर्णी म्हणजे गावाची लेखणी. तोच दुसऱ्याच्या ओसरीवर आला म्हणजे त्याच्याजवळ उरते काय? जमीन मागे राहिली, वतन मागे राहिले, ओळखीची माणसे मागे राहिली. उरली ती फक्त जात, आचार आणि लोकांत असलेले नाव. परक्या गावात पोट भरावयाचे ते ह्या नावावर. म्हणून असे घर सोवळ्याओवळ्याला, बाईमाणसाच्या वागण्याला मूळ गावी जपत होते त्याहून दसपट जपते. आम्ही परमुलखातून आलेल्या मजुरांच्या वस्त्या पाहिल्या आहेत. तिथल्या घरांचा कडकपणा पुष्कळदा धर्माचा नसतो, भीतीचा असतो.

कोल्हापुरात गंगाधरपंतांना कोणी गाय दिली. ती व्याली. वासरू बहिणाच्या मागे मागे फिरू लागले. ती पाण्याला गेली तर पाण्याला, कीर्तनाला गेली तर कीर्तनाला. त्या वेळी जयरामस्वामींची कीर्तने चालली होती. स्वामींनी एकदा त्या वासराच्या आणि ह्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. झाले! गावात बोलवा झाली आणि ती नवऱ्याच्या कानी गेली. त्याने तिला केसांना धरून ओढले, मारले आणि बांधून ठेवले. गाईने आणि वासराने अन्नपाणी टाकले. वासरू मेले, आणि त्याला मूठमाती देतेवेळी बहिणा बेशुद्ध पडली, ती कित्येक दिवस.

शुद्धीवर येताना तिला विठोबा दिसले आणि तुकोबा दिसले. तुकोबांना तिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. देहू कुठे आणि कोल्हापूर कुठे! त्या दर्शनात तुकोबांनी तिला अमृत पाजले आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असे ती सांगते. लोक तिला पाहावयास येऊ लागले. कोणी म्हणे हिला वेड लागले, कोणी म्हणे ही साध्वी आहे. नवऱ्याला दोन्ही नको होते. आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि बायकोचा गुरू कोण, तर एक शूद्र वाणी! लोक आपल्याला सोडून तिच्यापाशी येतात, हेही शल्य होतेच. पुन्हा मारहाण झाली, तिला गुरांच्या गोठ्यात कोंडणे झाले. शेवटी ती गरोदर असताना तिला टाकून निघून जाण्याचे त्याने ठरविले.

हा प्रकार आपल्याच देशातला, असे कोणी समजू नये. फ्रान्समधील लूर्द गावी १८५८ साली बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला एका गुहेपाशी दर्शने होऊ लागली. बापाची पिठाची चक्की बुडालेली, कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहणारे, घर कॅथलिक आणि श्रद्धाळू. तरी पहिल्या दिवशी घरून मिळाला तो मारच. पुढे पोलीस अधिकाऱ्यापुढे उलटतपासणी झाली. पोर्तुगालात फातिमा येथे १९१७ साली दहा वर्षांच्या लुसियाला देवमाता दिसली, तेव्हा खोटे बोलतेस म्हणून मारणारी तिची आईच होती, आणि ती आई रोज प्रार्थना म्हणणारी होती. म्हणजे पाहा, ज्या घरात देव नाही तिथे हे घडत नाही. जिथे देवाचे नाव अष्टौप्रहर चालते, तिथेच मुलीने ‘मला दिसला’ म्हटले की घर हादरते; कारण देव कोणाला भेटावा हे ठरविण्याचा मक्ता घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे घेतलेला असतो.

तथापि गंगाधरपंतांवर एकतर्फी निकाल देऊन आम्हांला मोकळे होता येत नाही. निघावयाच्या दिवशीच त्याच्या अंगाचा दाह सुरू झाला आणि तो महिनाभर पुरला. त्यात तो वितळला. आपण अन्याय केला असे त्याला वाटले. मग तोच कुटुंबाला घेऊन देहूला गेला आणि त्याने तुकोबांना नमस्कार केला. ज्या नावासाठी त्याने बायकोला मारले, ते नाव देहूत त्याने स्वतःच पणाला लावले. मंबाजी गोसाव्याने त्यांचा छळ मांडला, बहिष्काराची धमकी आली. आम्हांला बहिणाबाईइतकाच हा माणूसही विचार करावयास लावतो. भ्यालेला मनुष्य बदलू शकतो, हे आम्ही चळवळीत पाहिले आहे. पण त्याआधी त्याची भीती कशाची आहे, हे कळावे लागते.

बहिणाबाईने घर सोडले नाही. पतिसेवेचे अभंग तिने लिहिले; आमच्यासारख्याला ते वाचताना अवघड वाटते, तरी ते तिचेच आहेत, गाळता येत नाहीत. पण त्याच हाताने तिने वज्रसूचीच्या आधारे खरा ब्राह्मण कोणाला म्हणावे, ह्याचेही अभंग लिहिले. वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे १७०० साली, बाहत्तराव्या वर्षी तिने देह ठेवला. जाण्यापूर्वी तिने मुलाला आपल्या मागील बारा जन्मांची हकीकत सांगितली, हा तेरावा. अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट ह्याने १९२९ साली तिच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर छापले.

बारा जन्म खरे काय? तुकोबा कोल्हापुरात खरेच आले होते काय? आम्हांला कोणी हा प्रश्न केला तर आमचे उत्तर असे: आमची चौकशी त्या कलमाची नाही. जबानीत एक मुलगी सांगते की माझे गाव सुटले, माझे वासरू मेले, मला बांधून मारले. आणि त्या अंधारात माझ्याशी मायेने बोलणारा एकच माणूस मला दिसला. यातली पहिली तीन वाक्ये पडताळून पाहण्यास चमत्कार लागत नाही.

आता एक आमची स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका वस्तीवर ऊसतोड मजुरांची नावनोंदणी करण्यास गेलो होतो. आपल्याकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघतात ती उन्हाळ्यात परततात, आणि त्यांची पोरेही कोपीवर जातात. त्या वस्तीत एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या अंगात येत होते. अर्धी वस्ती हळदकुंकू घेऊन दाराशी, उरलेली भगताला बोलावण्याच्या खटपटीत. बाप तिच्यावर हात उगारून उभा. आम्ही तिथेच अंधश्रद्धेवर पाऊण तास बोललो; जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला आहे हेही बजावले. आमचे बोलणे संपल्यावर एका म्हाताऱ्या मजूर बाईने मुलीला जवळ घेऊन एवढेच विचारले, “बाय, तुला काय दिसतं?” मुलगी म्हणाली, “बाळू रडतो.” फडावर असताना तिच्या सांभाळात असलेला धाकटा भाऊ तापाने गेला होता. त्यानंतर घरात त्याचे नाव कोणी काढले नव्हते.

आयुष्यभर दुसऱ्यांना ‘आधी जबानी घ्या’ म्हणून सांगणारे आम्ही. त्या दिवशी ते आम्हांला सुचले नाही. पूजा करणारे, मारणारे आणि व्याख्यान देणारे, तिघेही त्या मुलीच्या बाबतीत एकाच पंगतीला बसलो.

म्हणून श्रोत्यांपाशी आमचे मागणे थोडकेच आहे. आपल्या घरात, आळीत, वस्तीत एखादी मुलगी उद्या म्हणेल की मला काही दिसते, मला काही ऐकू येते. डॉक्टरला अवश्य दाखवावे. भगताला उंबऱ्याबाहेर ठेवावे. आणि ही खरी की खोटी, देवी की वेडी, याचा निकाल करण्यापूर्वी तिच्याजवळ बसून तिचे सगळे म्हणणे ऐकून घ्यावे. बहिणाबाईला लिहिता येत होते, म्हणून तिची जबानी सव्वातीनशे वर्षांनंतर आपण वाचतो आहो. ज्यांना लिहिता आले नाही, त्यांची जबानी घेणे बाकी आहे.