खत, कोठार आणि ‘इतकी वर्षं काही झालं नाही’

आजचा भाग एका मिठावर आहे. जेवणातलं मीठ नाही, रसायनशास्त्रात ज्याला क्षार म्हणतात ते. नाव अमोनियम नायट्रेट. दिसायला पांढरं आणि साबुदाण्यासारखं दाणेदार. शेतात खत म्हणून चालतं आणि खाणींमध्ये स्फोटकं बनवायलाही लागतं. ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरावर उठलेल्या त्या पांढऱ्या ढगाचा व्हिडिओ तुमच्या व्हॉट्सअॅपवर आला असणारच. तो याच मिठाचा.

केमिस्ट्रीचा तास घेत नाही, पण एक गोष्ट डोक्यात ठेवा. आग लागायला इंधन लागतं आणि ऑक्सिजन लागतो. लाकूड हवेतून ऑक्सिजन घेतं, म्हणून वरून माती टाकली की ते विझतं. अमोनियम नायट्रेटच्या खिशातच ऑक्सिजन असतो. झाकलं, कोंडलं तरी त्याचं काही अडत नाही. साध्या तापमानाला ते वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतं. साधारण १७० अंश सेल्सिअसला वितळतं, आणखी तापलं की फुटून वायू सोडायला लागतं. वायूंना बाहेर पडायला वाट मिळाली तर बऱ्याचदा प्रकरण आगीवर निभावतं. वाट बंद झाली की उष्णता आणि दाब दोन्ही वाढतात आणि अख्खा ढीग एकदम उडू शकतो.

म्हणजे हे मीठ हात लावला की फुटणाऱ्यातलं नाही. ते शांत आहे, आणि माझ्या मते त्याची खरी भीती तिथेच आहे. कशी, ते तीन गावांतून सांगतो.

पहिलं गाव ओपाऊ, जर्मनी. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा जगातला पहिला मोठा कारखाना बीएएसएफ कंपनीने इथे १९१३ मध्ये सुरू केला. कोठारात अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट यांचं मिश्रण साठवलेलं असायचं. ते ओल धरून दगडासारखं घट्ट व्हायचं आणि कुदळीने निघायचं नाही. मग काय करायचे? डायनामाइटचे छोटे सुरुंग लावायचे! ऐकून हसू येईल, पण हे मिश्रण असं उडत नाही अशी चाचण्यांवरून खात्री होती, आणि हजारो वेळा हेच करून झालं होतं. २१ सप्टेंबर १९२१ ला सकाळी साडेसातच्या सुमारास पुन्हा तेच केलं. कोठारात ४,५०० टन माल होता. त्यातला दहावा हिस्साच उडाला असा अंदाज आहे. तेवढ्यात ५०० हून जास्त माणसं गेली आणि गावातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत.

दुसरं गाव अमेरिकेतलं टेक्सास सिटी, १६ एप्रिल १९४७. ‘ग्रँडकॅम्प’ नावाच्या फ्रेंच जहाजात कागदी पोत्यांतून सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट भरलेलं होतं. युद्धाने पोळलेल्या युरोपसाठी जाणारं खत. सकाळी आठच्या सुमारास धूर दिसला. पाणी मारलं तर माल खराब होईल, म्हणून कॅप्टनने झाकणं बंद करून आत वाफ सोडायला सांगितलं. आग कोंडून मारायची ही जहाजांवरची नेहमीची पद्धत. पण मघाशी म्हटलं तसं, ही आग कोंडून मरत नाही. उलट कोंडल्याने धोका वाढतो. वर नारिंगी धूर येत होता, आणि तो बघायला लोक धक्क्यावर जमले होते. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज उडालं. शेजारचं दुसरं जहाज त्याच रात्री एकच्या सुमारास उडालं. मृतांची संख्या ५८१ धरली जाते. गावच्या अग्निशमन दलातले त्या दिवशी धावून गेलेले सगळे जवान मेले.

मुंबईकरांना यावरून १४ एप्रिल १९४४ आठवेल. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उडालं आणि आपले ६६ अग्निशामक गेले. फरक एवढाच की मुंबईच्या जहाजात स्फोटकं आहेत हे कागदावर होतं. टेक्सास सिटीत कागदावर ‘खत’ होतं.

तिसरं गाव बैरूत. २०१३ मध्ये ‘ऱ्होसस’ हे जहाज जॉर्जियाहून मोझांबिकला निघालं आणि बैरूतला अडकून पडलं. २,७५० टन अमोनियम नायट्रेट बंदरातल्या १२ नंबरच्या गोदामात उतरवलं गेलं. कस्टम अधिकाऱ्यांनी हा माल हलवा म्हणून कोर्टाला पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली. मी सॉफ्टवेअरवाला, मला यात ओळखीचं चित्र दिसतं. तिकीट ओपन आहे, सगळ्यांनी वाचलंय, ओनर कोणीच नाही. ४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी गोदामाला आग लागली आणि सहा वाजून गेल्यावर स्फोट झाला. २०० हून जास्त मृत्यू, सुमारे ७,००० जखमी, ३ लाख लोक बेघर. आग विझवायला गेलेल्या पथकातले दहाही जण परतले नाहीत.

आपल्याकडे काय? त्याच आठवड्यात कळलं की चेन्नईजवळ मनलीला जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट २०१५ पासून पडून आहे. बातमी झाली आणि काही दिवसांत ते हैदराबादकडे रवाना झालं. म्हणजे हलवता येत होतं! नियम २०१२ पासून आहेतच. साठवणुकीला परवाना लागतो आणि त्यावर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

ओपाऊत ‘हजारो वेळा केलंय’, टेक्सास सिटीत ‘खतच तर आहे’, बैरूतमध्ये ‘सहा वर्षं पडूनच आहे’. वाक्यं तीन, अर्थ एकच: अजून काही झालं नाही. मिठाचा गुणधर्म तिन्ही वेळा तोच होता. काही झालं नाही हा सुरक्षिततेचा पुरावा कधीच नव्हता.

आणि एक कामाची गोष्ट, कारण हे तुम्ही मोबाइलवर ऐकताय. बैरूतमध्ये पहिल्या मोठ्या आवाजानंतर मुख्य स्फोट अर्ध्या मिनिटाने झाला. त्या वेळात कितीतरी लोक खिडकीत उभे राहून शूट करत होते, आणि असंख्य जखमा काचांच्या होत्या. एक किलोमीटरवर असाल तर झगमगाट दिसल्यापासून धक्का पोचेपर्यंत जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. गोदामातून किंवा कारखान्यातून तांबूस-तपकिरी धूर दिसला तर व्हिडिओ राहू द्या. काचेपासून लांब व्हा, बाहेर असाल तर लांब निघा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात असं एखादं बंद गोदाम असेल, तर आत काय आहे ते एकदा विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!